दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागतोय? आधी गळती शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कल्याणला खाडीजवळच्या सोसायटीत २०१३ साली घेतलेला दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, आर-२२ गॅसचा. गेली पाच वर्षं दर मार्चमध्ये त्यात गॅस भरावा लागतो. मेकॅनिक म्हणतो, आता नवीन घ्या, नव्या एसीतला गॅस ओझोनला काही करत नाही, म्हणजे पर्यावरणाची काळजीच मिटली. नववीतली मुलगी विचारते, मग आपण भरलेला गॅस इतकी वर्षं गेला कुठे? आणि ओझोनला पडलेलं भोक बुजतंय असं शिकवतात, ते खरं आहे का?

मी या धंद्यात १९९६ पासून आहे. आधी फ्रिज दुरुस्ती, मग एसी, आता मुख्यतः कोल्ड स्टोरेज आणि मुलांना शिकवणं. तुमच्या मुलीचा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी जातो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

गॅस हवेत गेला. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या युनिटमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून पुढे जाताना त्याचा दाब एकदम पडतो, खोलीतल्या कॉइलमध्ये तो उकळतो आणि उकळताना खोलीतली उष्णता ओढून घेतो. तिथून पुन्हा कॉम्प्रेसरकडे. नळ्यांचं हे चक्र पूर्ण बंद असतं. कारखान्यातून भरून आलेला गॅस एसी भंगारात जाईपर्यंत पुरला पाहिजे. ‘सर्व्हिसिंग आणि गॅस टॉप-अप’ असं एका दमात म्हणण्याची सवय आपल्याकडे पडली आहे आणि ती मोडायला हवी. गॅस कमी झाला याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे.

आता त्या गळतीचा हिशेब मांडू. तुमच्या एसीत साधारण किलोभर गॅस बसतो. दर वर्षी सहाशे ग्रॅमच्या आसपास भरला असं धरलं, तर पाच वर्षांत तीन किलो आर-२२ हवेत गेला. शंभर वर्षांच्या मोजणीने एक किलो आर-२२ हा १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे जवळजवळ साडेपाच टन. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. त्या मापाने तुमच्या नळीतून सुटलेला एकेक किलो गॅस स्कूटर ३५ हजार किलोमीटर पळवण्याइतका भारी आहे. हाच एसी वर्षाला हजार युनिट वीज खात असेल, तर विजेपोटी पाच वर्षांत साडेतीन टनांच्या आसपास होतात. गळतीचा वाटा विजेपेक्षा मोठा निघाला. विजेचं बिल दर महिन्याला हातात येतं, गळतीचं येत नाही, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मेकॅनिक मुलांना मी हे गणित फळ्यावर करायला लावतो, तेव्हा वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही.

मुळात हे गॅस आले कसे, तेही सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्या शोधामागे हेतू चांगला होता. १९२०च्या दशकापर्यंत फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले गॅस असत. गळती झाली की माणसं मरत. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरिन, फ्लोरिन आणि कार्बन यांची संयुगं पुढे आणली. ती विषारी नाहीत, पेटत नाहीत, नळ्या खात नाहीत. आर-१२ हा त्यांतला सगळ्यात लोकप्रिय. स्वयंपाकघरात निर्धास्तपणे फ्रिज ठेवता येऊ लागला तो या गॅसमुळे. पण तो कशाशीच चटकन संयोग पावत नाही, हा त्याचा मोठा गुणच पुढे घातक ठरला. पाऊस त्याला धुऊन काढत नाही, खालच्या हवेत तो मोडत नाही. सुटलेला आर-१२ शंभर वर्षांच्या आसपास टिकतो आणि हळूहळू वर चढत ओझोनच्या थरात पोचतो.

हा थर जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर आहे. थर म्हटलं की जाड चादर डोळ्यांसमोर येते, पण वरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवरच्या दाबाखाली पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. तेवढा ओझोन सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो. तिथल्या तीव्र उन्हात आर-१२चा रेणू तुटतो आणि क्लोरिनचा अणू मोकळा होतो. तो ओझोनचा एक ऑक्सिजन हिसकावतो, पुढच्या पायरीला तो ऑक्सिजन सोडून देतो आणि पुन्हा मोकळा होतो. स्वतः खर्च न होता एकच अणू लाखाच्या घरात ओझोनचे रेणू मोडू शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी हा धोका १९७४ साली मांडला. १९८५ साली जोसेफ फार्मन आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रातल्या मोजणीवरून दाखवून दिलं की तिथे दर वसंतात ओझोन प्रचंड घटतोय. तिथेच का, तर ध्रुवावरच्या हिवाळ्यात उणे ७८ अंशांच्या खाली गोठणारे ढग बनतात, त्यांच्या कणांवर क्लोरिन सुटा व्हायला तयार होऊन बसतो, आणि सप्टेंबरात ऊन परतलं की सगळा एकदम कामाला लागतो. आपल्या डोक्यावर असं भगदाड नाही, पण ते पाडणारा गॅस जगभरातल्या गल्ल्यांतून गेलेला होता.

त्यात माझाही हात आहे. मी शिकाऊ होतो तेव्हा कॉम्प्रेसर जळाला की आतलं काळं तेल धुऊन काढायला आम्ही आर-१२च्याच कुळातला आर-११ वापरायचो. तो २४ अंशांच्या आसपासच उकळतो. नळीत ओतायचा, दुसऱ्या टोकाने नायट्रोजनचा झोत मारायचा, काळपट पाणी आल्यासारखा तो फरशीवर पडायचा आणि बघता बघता फरशी कोरडी. बोटांवर पडला की बोटं बधिर व्हायची. आर-१२ बदलायचा असेल तर चिमटून बंद केलेली नळी पक्कडीने तोडायची, फुस्स आवाज संपेपर्यंत थांबायचं. दुकानात कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं, वास नाही, खोकला नाही. आर-११ हवेत सरासरी पन्नासेक वर्षं टिकतो. म्हणजे १९९७ साली मी त्या फरशीवर ओतलेल्यातला निम्म्याहून अधिक गॅस आजही वर आहे. हे मला खूप उशिरा कळलं, आणि कळल्यापासून मी नळी तोडू देत नाही.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी ओझोन मोडणारे गॅस बंद करण्यासाठी देशादेशांत माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली आला, २००० साली आपले नियम झाले आणि २०१०पर्यंत आर-११, आर-१२ फ्रिज-एसीच्या धंद्यातून हद्दपार झाले. मागे उरला तुमचा आर-२२. त्यात हायड्रोजनचा अणू असल्याने त्यातला बराचसा भाग खालच्या हवेतच मोडतो, बाराएक वर्षांत. ओझोनला त्याचा त्रास आर-११च्या सुमारे साडेपाच टक्के. कमी आहे, शून्य नाही. म्हणून विकसनशील देशांसाठी त्याचाही निरोप ठरला: २०१३ला गोठवायचा, २०२५पर्यंत ६७.५ टक्के कपात, २०३०ला जवळजवळ शून्य, त्यानंतर २०४०पर्यंत फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता थोडासा. भारतात नवीन यंत्रं बनवताना हा गॅस वापरणं २०२४च्या अखेरीस बंद झालं.

तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते इथे. आर-२२च्या जागी आलेल्या गॅसमध्ये क्लोरिनच नाही, त्यामुळे ओझोनला त्यांच्यापासून धोका नाही. एसीच्या अंगावर ‘ओझोन फ्रेंडली’ हिरवी पट्टी लागली ती तेव्हापासून. पण ओझोन आणि तापमानवाढ ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि पट्टी एकाबद्दलच बोलते. पहिल्यांदा जो आर-४१०ए सगळीकडे पसरला, त्याचा तापमानवाढीचा आकडा २,०८८ आहे. आर-२२चा १,८१०. म्हणजे किलोला किलो धरलं तर हिरव्या पट्टीचा गॅस हवामानाला जास्त जड. गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए १,४३०. दुकानात हा आकडा कुणी सांगत नाही, तुम्ही विचारा.

हे लक्षात आल्यावर ऑक्टोबर २०१६मध्ये रुवांडात किगाली इथे माँट्रियल करारातच दुरुस्ती झाली आणि क्लोरिन नसलेले हे गॅसही त्याच्या कक्षेत आले. भारताने तिला २०२१ साली मान्यता दिली. आपल्याला २०२८ला वापर गोठवायचा आहे, २०३२पासून टप्प्याटप्प्याने उतरवत २०४७ला ८५ टक्के कपात गाठायची आहे. सगळ्या देशांनी हे पाळलं तर शतकाच्या अखेरीस अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळेल असा अंदाज आहे. अर्धा अंश हा फार मोठा आकडा आहे.

मुलीला सांगा, भोक बुजतंय हे खरं आहे. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी २०२३च्या सुरुवातीला जाहीर केलेल्या अहवालानुसार, आताचे नियम पाळले गेले तर अंटार्क्टिकावरचा ओझोन २०६६च्या सुमारास १९८०च्या पातळीला येईल, उत्तर ध्रुवावर २०४५ला, बाकी जगात २०४०ला. एखाद्या वर्षी भगदाड मोठं दिसतं, एखाद्या वर्षी लहान, ते तिथल्या थंडीवर अवलंबून असतं. पण हे आपोआप होत नाहीये. २०१८ साली शास्त्रज्ञांना दिसलं की बंदी घातलेल्या आर-११चं हवेतलं प्रमाण जेवढ्या वेगाने उतरायला हवं तेवढं उतरत नाही. माग काढल्यावर बराचसा गॅस पूर्व चीनमधून येत असल्याचं निघालं. त्यानंतर कारवाई झाली आणि उत्सर्जन उतरलं. वरची हवा कुणीतरी सतत मोजत होतं, म्हणून ही चोरी सापडली.

आता तुमचा एसी. यंदा गॅस भरू नका, गळती शोधायला सांगा. इनडोअर आणि आउटडोअर युनिटला नळ्या जिथे जोडल्या आहेत तिथले फ्लेअर नट आधी बघायचे. गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं, त्यामुळे गळतीच्या जागी धूळ चिकटून काळपट ओशट डाग दिसतो. बोट फिरवलं की कळतं. तिथे न सापडल्यास यंत्रात कोरडा नायट्रोजन भरून २५० ते ३०० पीएसआयपर्यंत दाब न्यायचा आणि साबणाचा फेस लावत एकेक जोड तपासायचा. फेसात बारीक, चिवट बुडबुडा फुगत राहतो. गेज लावून रात्रभर सोडलं तर आणखी चांगलं. यासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर कुणी लावत असेल तर त्याला तिथेच थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो.

गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. हीच पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते. पुष्कळ ठिकाणी पंप आणतच नाहीत. एका बाजूने गॅस सोडतात, दुसरीकडचा नट सैल करून ‘हवा काढतात’. त्यात दर वेळी काही ग्रॅम गॅस फुकट बाहेर जातो आणि ओल आत राहते. ती ओल तेलाशी आणि गॅसशी मिळून आम्ल बनवते, आम्ल कॉम्प्रेसरच्या मोटरची वायंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, खातं. पंप लावून आतला दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्यूमचं माप) खाली नेला पाहिजे आणि पंप बंद केल्यावर काटा तिथेच टिकतो का ते बघितलं पाहिजे. मग यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस, वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून. ‘साठ पीएसआय आला, बास’ या अंदाजावर भरलेला एसी बहुतेक वेळा कमी किंवा जास्त भरलेला निघतो, आणि दोन्हींत वीज जास्त जाते. मेकॅनिकच्या पिशवीत पंप आणि काटा आहे का, हे तुम्ही दारातच बघू शकता.

तुमच्या पत्त्यावरून मला मात्र वेगळी शंका येते. खाडी आणि नाल्यांच्या काठाने हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्यांच्या वासाचा. तो तांब्याला काळं करतो आणि कॉइलला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतो. ठाणे, कल्याण, मुंबईतल्या नाल्यांलगतच्या इमारतींत मी असे कॉइल शेकड्यांनी पाहिलेत. एक भोक बुजवलं की महिन्याभरात शेजारी दुसरं. इनडोअरचं झाकण काढून तांबं बघा. लालसर असेल आणि गळती नटाला असेल तर दुरुस्त करून एसी आणखी काही वर्षं वापरा. चालतं यंत्र फेकून नवीन घेण्यात शहाणपण नाही. तांबं काळं पडलं असेल तर या यंत्रावर आता पैसे घालू नका.

नवीन घ्यायचा झाल्यास सध्या बाजारात बहुतेक सगळीकडे आर-३२ मिळतो. त्याचा आकडा ६७५ आहे, आर-४१०एच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि तो भरावाही कमी लागतो. किंचित ज्वलनशील आहे, पण नीट बसवला तर घरात धोका नाही. त्याहून पुढचा आर-२९०, म्हणजे शुद्ध प्रोपेन. आकडा पाचाच्याही खाली, ओझोनला शून्य, वीजही कमी. भारतात गोदरेजने असे स्प्लिट एसी २०१२ सालीच आणले. हवामानाच्या दृष्टीने मला हाच गॅस योग्य वाटतो. पण तो सहज पेटतो, त्यामुळे किती भरायचा हे खोलीच्या आकाराशी बांधलेलं असतं आणि तो हाताळायला शिकलेला माणूसच हवा. तुमच्या गावात कंपनीचा तसा प्रशिक्षित माणूस असेल तर आर-२९० घ्या, नसेल तर आर-३२चा पाच स्टारचा इन्व्हर्टर एसी घ्या. आणि खाडीकाठी राहता, तर कॉइलवर गंजरोधक लेप असलेलंच मॉडेल मागा.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. जुन्या आर-२२च्या एसीत घरगुती एलपीजी भरून ‘मस्त थंड होतो’ म्हणणारे लोक आहेत. त्या यंत्रातले स्विच आणि रिले पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेले नसतात. कुणी सुचवलं तर त्याला पुन्हा घरात घेऊ नका. दुसरी, स्वस्तातला बनावट गॅस. २०११ साली जहाजांवरच्या शीत-कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार मेले, कारण आर-१३४एच्या नावाखाली मिथाइल क्लोराइड मिसळलेला गॅस भरला गेला होता. तो ॲल्युमिनियमशी संयोग पावून हवा लागताच पेटणारा पदार्थ बनवतो. आर-२२चा पुरवठा आटत चाललाय, तसतशी भेसळ वाढण्याची भीती मला वाटते. सील तुटलेल्या सिलिंडरमधून भरू देऊ नका.

फ्रिजबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात असणारच. नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, पन्नास-साठ ग्रॅम, त्याची चिंता नको. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजांत, बंदरांवरच्या बर्फाच्या कारखान्यांत आम्ही अजूनही अमोनियाच वापरतो. ओझोनला शून्य, हवामानाला शून्य, विषारी मात्र नक्कीच, म्हणून तो माणसांच्या खोल्यांपासून लांब यंत्रघरात. शंभर वर्षांपूर्वी ज्याला घराबाहेर काढलं, तोच मोठ्या कामांसाठी आज सगळ्यांत चांगला ठरतो आहे.

शेवटचं, तुमचा जुना एसी. तो भंगारवाल्याला तसाच देऊ नका. तो तांब्यासाठी नळी कापतो आणि उरलेला सगळा गॅस एका मिनिटात जातो. उतरवण्याआधी मेकॅनिककडून पंप-डाउन करून घ्या: एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, आउटडोअरची बारीक नळीची चावी बंद करायची, कॉम्प्रेसर सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो, काटा शून्याजवळ आला की जाड नळीची चावी बंद करून लगेच यंत्र बंद. पाच मिनिटांचं काम. गॅस आउटडोअरमध्ये अडकून राहतो. मग ते युनिट रिकव्हरी मशीन (गॅस काढून सिलिंडरमध्ये साठवणारं यंत्र) असलेल्या सर्व्हिस सेंटरला किंवा नोंदणी झालेल्या ई-कचरा केंद्राला द्या, २०२२च्या ई-कचरा नियमांत एसी आणि फ्रिज दोन्ही येतात. मेकॅनिकला हे फोनवरच सांगून ठेवा, म्हणजे तो चाव्यांची ॲलन की आणि गेज घेऊनच येईल. तो काम करत असताना मुलीला शेजारी उभं करा, काटा खाली उतरताना तिला दिसेल.